स्त्रीचा ‘स्वभाव’ आणि धम्मातील पाच वृद्धी



गेल्या वर्षावासातील गोष्ट आहे. आमच्या वस्तीतील विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. पुढे पुरुष मंडळी, मागे दाराजवळ महिला, अशी नेहमीची बैठक होती. वाचन संपल्यावर कोणाला काही विचारायचे आहे काय, असे मी विचारले. पुरुषांकडून दोन प्रश्न आले. मग मागून एक आजी उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या घराने अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. त्या म्हणाल्या, “मागल्या जन्मी पाप केलं म्हणून बाईचा जन्म येतो, असं माझी सासू सांगायची. बाईची जातच तशी, असं मालक म्हणायचे. आता आपण बौद्ध झालो. मग आपल्या धम्मात बाईबद्दल काय सांगितलंय?”

कोणीतरी हसले. ‘धम्मात स्त्री-पुरुष समान आहेत’ असे एका वाक्यात सांगून मी मोकळा झालो. आजी खाली बसल्या, परंतु त्यांचे समाधान झाले नव्हते. घरी जाताना मलाही चैन पडेना. समान आहेत म्हणजे नेमके काय? कशात समान? तसे असेल तर आमच्याच विहारात आजी दाराजवळ का बसल्या होत्या?

हा पाठ म्हणजे त्या प्रश्नाचे नीट उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. तो घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा.

१. ‘बाईची जातच तशी’ हे कोणी शिकविले?

‘स्वभाव’ हा शब्द आपण सहज वापरतो. अमक्याचा स्वभाव रागीट आहे, तमकीचा शांत आहे, असे म्हणतो. त्यात काही बिघडत नाही. पण ‘बायकांचा स्वभावच असा’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा ते एका व्यक्तीविषयीचे बोलणे राहत नाही. तो अर्ध्या मानवजातीवर ठेवलेला आरोप होतो.

आपल्या देशात या आरोपाला शास्त्राचा आधार दिला गेला. मनुस्मृतीच्या ९ व्या अध्यायात स्त्री ही स्वभावतः चंचल, स्नेहहीन व पुरुषाच्या मागे धावणारी आहे, असे सांगितले आहे. काम, क्रोध, कुटिलपणा हे दोष तिला जन्मतःच मिळाले आहेत, असे म्हटले आहे. आणि त्यावरून निष्कर्ष काढला आहे तो असा, की तिने बालपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलांच्या ताब्यात राहावे. ती स्वातंत्र्याला पात्र नाही. ८ व्या अध्यायात तिला धनाचा अधिकार नाकारला आहे. तिचे संस्कार मंत्रांवाचून करावेत असेही ठरविले आहे.

येथे विचाराची एक युक्ती आहे, ती ओळखून ठेवा. प्रथम स्त्रीला विद्या द्यायची नाही, धन द्यायचे नाही, घराबाहेर पाऊल टाकू द्यायचे नाही. मग ती अज्ञानी, परावलंबी व भित्री झाली की म्हणायचे, पाहा, हा तिचा स्वभावच आहे! पाखराला पिंजऱ्यात वाढवायचे आणि त्याला उडता येत नाही म्हणून त्याच्या पंखांना दोष द्यायचा, असा हा न्याय आहे. हाच न्याय शूद्र-अतिशूद्रांना लावला गेला होता. त्यांना गावाबाहेर घाणीत ठेवले आणि तेच घाणेरडे आहेत असे म्हटले. तेव्हा हा न्याय किती खोटा आहे हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

ही गोष्ट फक्त आपल्या देशापुरती नव्हती. ग्रीस देशातील थोर तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात लिहिले, की स्त्रीजवळ विचारशक्ती आहे, पण त्या शक्तीला अधिकार नाही. म्हणून पुरुषाने राज्य करावे व तिने ते मानावे. फ्रान्समध्ये रूसोने १७६२ साली ‘एमिल’ या ग्रंथात मुलाला स्वतंत्र बुद्धीचा माणूस बनविण्याचे शिक्षण सांगितले. मुलीला मात्र पुरुषाच्या उपयोगी पडण्याचे व त्याला आवडेल असे वागण्याचे शिक्षण सांगितले. त्याला इंग्लंडमध्ये मेरी वुलस्टनक्राफ्ट या विदुषीने १७९२ साली उत्तर दिले. गुण जर खरे गुण असतील तर ते स्त्री व पुरुष दोघांनाही एकच असले पाहिजेत, असा तिचा मुद्दा होता. पुढे १८६९ साली जॉन स्टुअर्ट मिल याने दाखविले, की ज्याला आपण स्त्रीचा स्वभाव म्हणतो ते दडपणाने व लाडीगोडीने घडविलेले कृत्रिम रूप आहे. आपल्या महाराष्ट्रात १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारले, की जे दोष स्त्रियांचे म्हणून सांगता ते पुरुषांमध्ये नाहीत काय?

हा वाद युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रंगला. भारतात तथागतांनी त्याच्या मुळाशी फार पूर्वीच हात घातला होता.

२. धम्मात कायमचा ‘स्वभाव’ नाही

भगवान बुद्धांची पहिली शिकवण आहे, सर्व संस्कार अनित्य आहेत. जे घडलेले आहे ते बदलते. दुसरी शिकवण प्रतीत्यसमुत्पादाची. कारण असेल तर परिणाम घडतो. कारण नाहीसे केले की परिणामही नाहीसा होतो. तिसरी अनात्म्याची. माणसाच्या आत न बदलणारे, जन्मतःच ठरलेले असे काही तत्त्व नाही.

या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. मग ‘बाईची जातच तशी’ हे वाक्य बौद्ध माणसाच्या तोंडी शोभेल काय? भीती ही शिकविली जाते, तशीच निर्भयताही शिकविता येते. अज्ञानाला कारण असते; ते कारण दूर केले की अज्ञान जाते. जे स्त्रीचे तेच पुरुषाचे. ‘पुरुषच तो, त्याचा हात उठणारच’, ‘बाप्या माणूस, दोन घोट घेणारच’ हेही असेच खोटे वाक्य आहे. स्वभावाचे निमित्त करून स्त्रीला बांधायचे आणि पुरुषाला सोडायचे, या दोन्ही गोष्टी धम्माला मान्य नाहीत.

आता मागल्या जन्मीच्या पापाचा प्रश्न. संयुक्त निकायात मोळिय सिवक नावाच्या परिव्राजकाचा संवाद आहे. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. तुमचे मत काय, असे त्याने विचारले. तथागतांनी हे मत चुकीचे ठरविले. पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, विषम आहारविहार, दुसऱ्याने केलेला आघात अशी अनेक कारणे त्यांनी मोजून दाखविली आणि कर्म हे त्यांतील एक सांगितले. नवऱ्याने मारले तर ती जखम मागल्या जन्माची नाही, ती त्याच्या हाताची आहे. आजींना त्या दिवशी हेच पहिले उत्तर द्यायला हवे होते. बाईचा जन्म ही शिक्षा नाही.

तथागतांनी स्त्रीच्या योग्यतेविषयी स्पष्ट उत्तर दिले ते वैशाली येथे. महाप्रजापती गौतमी शाक्य स्त्रियांना घेऊन पायी चालत वैशालीला आल्या. पाय सुजलेले, अंग धुळीने माखलेले, डोळ्यांत पाणी, अशा त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. प्रव्रज्या मिळत नव्हती. तेव्हा आनंदाने तथागतांना सरळ प्रश्न केला. स्त्रीने प्रव्रज्या घेतली तर ती स्रोतापत्तीपासून अर्हत्पदापर्यंतची फळे प्राप्त करून घेऊ शकते की नाही? तथागत म्हणाले, शकते. येथे ‘पण’ नाही, ‘परंतु’ नाही. माणसाने जे सर्वोच्च मिळवायचे ते स्त्रीला मिळविता येते, हे या उत्तराने कायमचे ठरले.

३. दोन बोटांची बुद्धी

सोमा नावाची एक भिक्खुणी श्रावस्तीजवळच्या अंधवनात ध्यानाला बसली होती. तेव्हा मार तिला भेडसावायला आला. मार म्हणजे मनातील भय व मोह असे आपण समजावे. त्याने म्हटले, की ऋषींना जे पद मिळते ते मिळविणे कठीण. दोन बोटांच्या बुद्धीच्या बाईला ते कसे मिळणार?

दोन बोटांची बुद्धी म्हणजे काय? जुन्या टीकाकारांनी याचा अर्थ दिला आहे. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी बाई शीत काढून दोन बोटांत चेपून पाहते. लहानपणापासून भात रांधते, तरी प्रत्येक वेळी चेपून पाहिल्याशिवाय तिला कळत नाही. तेवढीच तिची अक्कल, असा तो टोमणा होता. आजही आपल्या घरांत ‘बाईची अक्कल चुलीपुरती’ असे म्हणतात ना? तोच हा मार.

सोमा घाबरली नाही. तिने विचारले, की चित्त एकाग्र झाले, ज्ञान जागे झाले आणि धम्म नीट दिसू लागला, तर तेथे स्त्रीपणाचा संबंध काय? जो स्वतःला मी स्त्री, मी पुरुष, मी अमुक असेच समजत बसतो, त्याला जाऊन मार हे सांगो. आपल्याला हिने ओळखले, हे कळल्यावर मार तेथून निघून गेला.

भगिनींनो, दोन बोटांत शीत चेपून पाहणे ही तर तपासून घेण्याची बुद्धी आहे. न तपासता मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. तुम्ही रोज चुलीपाशी जे करता तेच प्रत्येक रूढीच्या बाबतीत करा. चेपून पाहा. कच्चे असेल तर घेऊ नका.

४. पाच वृद्धी

आता मुख्य विषय. माणसाने स्वतःची वाढ कशी करावी? अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात एकापाठोपाठ दोन लहान सुत्ते आहेत. पहिल्यात आर्यश्रावक, म्हणजे धम्म ऐकणारा पुरुष, कोणत्या पाच गोष्टींनी वाढतो ते सांगितले आहे. दुसऱ्यात आर्यश्राविका, म्हणजे स्त्री, कोणत्या पाच गोष्टींनी वाढते ते सांगितले आहे. दोन्ही याद्या एकच आहेत. श्रद्धा, शील, श्रुत, त्याग आणि प्रज्ञा. स्त्रीसाठी वेगळे गुण नाहीत, कमी गुण नाहीत, सोपे गुण नाहीत. हे पाचही आपण क्रमाने पाहू.

श्रद्धा. धम्मातील श्रद्धा म्हणजे आंधळा विश्वास नव्हे. तपासून बसलेला भरवसा होय. पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत एक ब्राह्मण पाप धुण्यासाठी नदीत बुडी मारताना तिला दिसला. तिने त्याला सांगितले, की मी मालकिणींच्या धाकाने या पाण्यात उतरते. तू कोणाच्या धाकाने कुडकुडतोस? पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, मासे, कासव सगळेच स्वर्गाला जातील. आणि पाणी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल! एका दासीने एवढा सरळ विचार केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या त्या याच श्रद्धेच्या. घरात बुद्धमूर्ती आली आणि माळ्यावर जुने टाक तसेच गुंडाळून ठेवले, असे असू नये. विटाळाचेही तसेच. ज्या विटाळाने आपल्या वाडवडिलांना पाणवठ्यावर जाऊ दिले नाही, त्याच विटाळाचे नाव घेऊन पाळीच्या दिवसांत लेकीला वंदनेपासून दूर बसविणे हे धम्माला धरून नाही.

शील. पंचशील स्त्रीला वेगळे आणि पुरुषाला वेगळे नाही. तिसरे शील कामातील दुराचाराविरुद्ध आहे. ते नवऱ्यालाही तितकेच बांधते. पाचवे मद्याविरुद्ध आहे. जुन्या धर्माने पातिव्रत्याची सर्व ओझी स्त्रीवर टाकली आणि तिच्यावर पहारा बसविला. पण पहाऱ्याखाली राखलेले शील हे शील असते काय? तथागतांनी चेतनेला, म्हणजे जाणूनबुजून ठरविण्याला, कर्म म्हटले आहे. जी स्वतः ठरवू शकत नाही तिच्या वागण्याचे श्रेय तिला नसते, ते कुलपाला असते. म्हणून ज्याला घरात शीलवान लेकी-सुना हव्यात त्याने प्रथम त्यांना स्वतः ठरविण्याचा अधिकार द्यावा. सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत. तिचा मान राखणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे. पत्नीचीही पाच कर्तव्ये आहेत. दोन्ही बाजूंनी समान आकडा आहे. धम्मातील संसार हा दोघांचा करार आहे.

श्रुत. श्रुत म्हणजे ऐकून, शिकून मिळविलेली विद्या. कोसंबीच्या सामावती राणीची दासी खुज्जुत्तरा हिची कथा परंपरेने सांगितली आहे. फुलांसाठी रोज आठ नाणी मिळत. चारची फुले आणून चार ती स्वतः ठेवी. एके दिवशी तिने बुद्धवचन ऐकले आणि त्या दिवशी आठही नाण्यांची फुले आणली. राणीने विचारले तेव्हा तिने सर्व कबूल केले. राणीने तिला शिक्षा केली नाही. तिला उंच आसनावर बसवून धम्म शिकविण्याची विनंती केली. बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिले. ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्या पाठांतरामुळे टिकला अशी परंपरा आहे. धम्मदिन्ना भिक्खुणीला तिच्या पूर्वाश्रमीच्या पतीने धम्माचे अवघड प्रश्न विचारले. तिने सर्वांची उत्तरे दिली. त्याने ती तथागतांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले की मीही हेच उत्तर दिले असते.

आपल्या जवळचा दाखला घ्यावयाचा तर जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. जिला अक्षराचा स्पर्श नाकारला होता तिने थोड्याच वर्षांच्या शिक्षणाने शास्त्राला जाब विचारला. मग स्वभाव कोठे राहिला?

त्याग. येथे भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. त्याग म्हणजे दान, उदारपणा. सर्वांना वाढून शेवटी उरलेला तुकडा खाणे, दुखणे अंगावर काढणे, यालाच आपल्याकडे स्त्रीचा त्याग म्हणतात. तो त्याग नव्हे. देणारा तोच, ज्याच्याजवळ स्वतःचे काही आहे आणि जो खुशीने देतो. महाउपासिका विशाखेने श्रावस्तीला पूर्वाराम विहार बांधून दिला तो स्वतःच्या धनातून. तिने तथागतांकडे आठ वर मागितले तेही देण्याचेच होते. येणाऱ्या भिक्खूला भोजन, जाणाऱ्याला भोजन, आजाऱ्याला पथ्य, त्याची सेवा करणाऱ्याला भोजन, औषध अशा त्या मागण्या होत्या. मागणी पाहा किती विचारपूर्वक आहे!

आता आपल्या घराकडे वळा. बाप वारला की भाऊ बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतात. ‘भावाचं घर तुटेल’, ‘माहेर बंद होईल’ असे सांगतात. बहीण डोळे पुसून अंगठा उठविते आणि गाव म्हणतो, केवढी त्यागी! बंधूंनो, धाकाने घेतलेली सही हे दान नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे आणि हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बहिणीने पूर्ण माहिती घेऊन, खुशीने दिले तर ते दान. न सांगता, न समजावता घेतले तर दुसऱ्या शीलाला बाध येतो की नाही, याचा प्रत्येक भावाने विचार करावा.

प्रज्ञा. प्रज्ञा म्हणजे गोष्ट जशी आहे तशी पाहणे. कोसल देशाचा राजा पसेनदी याला मुलगी झाल्याची वार्ता कळली तेव्हा त्याचे तोंड उतरले. तथागतांनी त्याला समजाविले, की स्त्री ही बुद्धिमान व शीलवान निघाली तर पुरुषापेक्षाही श्रेष्ठ ठरू शकते. ती मुलगी मल्लिका राणीची. मल्लिका स्वतः माळ्याची लेक होती. एकदा राजाने तिला विचारले, तुला स्वतःपेक्षा अधिक प्रिय कोणी आहे काय? राजाला ‘आपण’ हे उत्तर अपेक्षित असावे. ती म्हणाली, नाही. आणि राजालाही तेच विचारले. राजालाही कबूल करावे लागले. ही गोष्ट ऐकून तथागत रागावले नाहीत. सर्वांनाच स्वतःचा जीव प्रिय असतो, म्हणून जो स्वतःवर प्रेम करतो त्याने दुसऱ्याला दुखवू नये, असे ते म्हणाले. स्वतःवर प्रेम करणे हे स्त्रीच्या बाबतीत पाप नाही. मैत्रीची सुरुवात तेथूनच आहे.

५. कठीण जागा लपवू नयेत

कोणी तुम्हाला विचारील, की भिक्खुणींना आठ जादा नियम का? स्त्रियांची निंदा करणारी वचनेही तुमच्या ग्रंथांत आहेत, त्यांचे काय? हा आक्षेप खोटा म्हणून झटकू नये. अशी वचने आहेत. आठ नियमांत शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे, असा नियम आहे. तो आजच्या मनाला खटकतो आणि खटकलाच पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेबांनी या आक्षेपाला १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकात उत्तर दिले. हिंदू स्त्रीच्या अवनतीला बुद्ध जबाबदार आहेत, असे एका इंग्रजी साप्ताहिकात आले होते. बाबासाहेबांनी दाखविले, की बुद्धवचने दीर्घकाळ मुखपाठाने चालत आली, नंतर ती भिक्खूंनी लिहून काढली, आणि स्त्रीनिंदेची काही वचने मागाहून घुसडलेली दिसतात. भिक्खुणी संघाला भिक्खू संघाखाली ठेवले तेही व्यवस्थेसाठी, स्त्री हीन म्हणून नव्हे, असे त्यांनी मांडले. अवनतीची खरी जबाबदारी त्यांनी मनूवर टाकली. कोणते वचन बुद्धांचे मानावे याची कसोटीही त्यांनी आपल्या ग्रंथात दिली आहे. जे बुद्धीला धरून आहे आणि जे मानवाच्या कल्याणाचे आहे तेच बुद्धांचे.

हेही सांगितले पाहिजे, की अशोकाची कन्या संघमित्रा हिने श्रीलंकेत नेलेला भिक्खुणी संघ तेथे पुढे लोप पावला आणि शेकडो वर्षे थेरवादी देशांत भिक्खुणी राहिली नाही. १९९६ साली सारनाथला आणि १९९८ साली बुद्धगयेला स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली. त्यावर अजूनही काही देशांत वाद आहे. म्हणजे धम्म सांगणाऱ्यांनाही धम्म पुन्हा शिकावा लागतो. आपणही त्याला अपवाद नाही.

६. बाबासाहेबांनी स्त्रियांकडून काय अपेक्षिले?

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. अस्पृश्यतेच्या खुणा अंगावर बाळगू नका, लुगडे नीटनेटके नेसा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले; आणि स्त्रियांनी लगोलग लुगड्याची नेसण बदलली. पिढ्यान्‌पिढ्यांचा ‘स्वभाव’ असा एका दिवसात गळून पडला! १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले, की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. लग्नाची घाई करू नका. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. हिंदू कोड बिल अडविले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याला इतरही कारणे होती, पण हे एक मोठे कारण होते.

ज्यांनी स्त्रियांच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडले त्यांच्या अनुयायाने बहिणीचा वाटा सोडू नये काय?

७. घरी व विहारात काय करावे

पाठ वाचून ठेवून दिला तर उपयोग नाही. पुढील गोष्टी या महिन्यापासून सुरू कराव्यात.

(१) विहारात पुढची जागा पुरुषांची व मागची स्त्रियांची अशी ठरीव बैठक मोडावी. वंदना म्हणण्याचा व ग्रंथवाचनाचा मान पाळीपाळीने स्त्रियांना द्यावा.

(२) धम्मवर्गाच्या वेळी चहा करण्याचे काम नेहमी मुलींनाच सांगू नये. मुलांनीही ते करावे.

(३) पाळीच्या दिवसांत कोणीही वंदनेला येऊ शकते, हे मोठ्या माणसांनी घरात स्पष्ट सांगावे.

(४) हक्कसोडपत्राचा विषय निघाला तर बहिणीला आधी कायदा समजावून सांगावा. सहीची घाई करू नये. शक्य असेल तेथे घराच्या कागदावर पती-पत्नी दोघांचे नाव घालावे.

(५) मुलीचे शिक्षण मध्येच थांबवून तिचे लग्न ठरवू नये.

चर्चेसाठी प्रश्न

(१) ‘स्वभाव’ आणि ‘सवय’ यांत फरक काय? आपल्या घरातील एक उदाहरण द्या.
(२) स्त्री व पुरुष दोघांच्या पाच वृद्धी एकच आहेत, यावरून काय सिद्ध होते?
(३) धाकाने केलेला त्याग हा दान का होत नाही?
(४) सोमेला भेडसावणारा मार आज आपल्या घरात कोणत्या शब्दांत बोलतो?

शेवटी त्या आजींविषयी. त्यांना अक्षरओळख नाही, परंतु त्यांची नात सातवीत शिकते. हा पाठ विहारात नातीने वाचावा आणि प्रश्न आजींनी विचारावेत, असे ठरले आहे. त्या दिवशी आजींची जागा पुढच्या सतरंजीवर राहील. हसणाऱ्यांनीही अवश्य यावे. उत्तरे त्यांनाही द्यायची आहेत.

जय भीम!